छोट्या गाडीत मागे तोंड करून बसवायची कार सीट: जागा, कोन आणि बेल्ट

छोट्या गाडीत मागे तोंड करून बसवायची कन्व्हर्टिबल कार सीट (म्हणजे आधी मागे आणि मूल मोठं झाल्यावर पुढे तोंड करता येणारी) मावत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा अर्धीच खरी असते. सीट मावते, पुढच्या माणसाचे गुडघे मावत नाहीत. रुंदीमुळे क्वचितच अडतं, खरी मारामारी लांबीची. मागच्या सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत जेवढं अंतर आहे, तेवढ्यात बाळाची तिरकी सीट बसवायची आणि पुढे बसणाऱ्यालाही नीट बसू द्यायचं. पुढची सीट सरकवून थोडी जागा निघते. पण सगळ्यात जास्त निघते ती कार सीटच्या कोनातून, आणि नेमका तोच भाग लोक घाईत उरकतात. म्हणून इथे बसवण्याचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे: आधी जागा, मग कोन, मग बेल्ट, आणि बाळ सगळ्यात शेवटी.

पुढे ‘कार सीट’ म्हणजे बाळाची आणि ‘गाडीची सीट’ म्हणजे आपण बसतो ती, एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर गोंधळ होईल.

तोंड मागे कशासाठी

नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. एवढं मोठं डोकं ज्या मानेवर तोललेलं असतं, तिचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, त्यांचे भाग कूर्चेने जोडलेले असतात. समोरून धडक बसली की गाडी थांबते, पण आतली माणसं पुढे जात राहतात. बाळाचं तोंड पुढे असेल तर पट्टे धड धरून ठेवतात आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातात आणि तो जोर सगळ्या पाठीवर पसरतो. स्वीडनमधले बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अशी पहिली सीट तयार केली. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून तो प्रचंड दाब सोसतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती.

युरोपात वापरल्या जाणाऱ्या आर१२९ या नियमात १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवणं सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली आपल्या शिफारशीतून वयाचा आकडाच काढून टाकला आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत तोंड मागे ठेवा असं सांगितलं. कन्व्हर्टिबल सीट घेण्यामागचं मुख्य कारण हेच. नवजातांसाठीची टोपलीसारखी सीट बाळ लवकर ओलांडतं, ही मात्र पुढे बराच काळ पुरते.

पाय दुमडतात, मागच्या पाठीला टेकतात, याची काळजी आजी-आजोबांना फार असते. मुलं मांडी घालून किंवा पाय वर टेकवून अगदी आरामात बसतात. सीट लहान पडते की नाही हे पायांवरून ठरतच नाही.

आणि एक नियम असा, ज्यात वाटाघाट नाही: समोर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर तोंड मागे असलेली कार सीट कधीही ठेवायची नाही. उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

सुरुवातीला दोन पुस्तिका

एक कार सीटची, दुसरी गाडीची. गाडीच्या पुस्तिकेत मुलांच्या सीटबद्दल वेगळा भाग असतो: मागच्या कुठल्या जागेवर काय चालतं, आयसोफिक्सचे, म्हणजे कार सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायचे हुक कुठे आहेत, पुढच्या सीटला कार सीट टेकलेली चालते का. व्हिडिओ जरूर बघा, पण तो तुमच्याच मॉडेलचा आहे का हे आधी तपासा. एकाच कंपनीच्या दोन सीटमध्ये बेल्ट वेगवेगळ्या वाटेने जाऊ शकतो.

सीट हातात आहे तोवर तिच्यावरची लेबलंही वाचा. मान्यतेची खूण असते. आर४४ (आर१२९ च्या आधीचा नियम), आर१२९ किंवा अमेरिकी सीटवर तिथल्या एफएमव्हीएसएस २१३ या नियमाची. उत्पादनाची तारीख असते, आणि बहुतेक सीटना वापराची मुदतही. जुनी सीट कुणाकडून घेत असाल तर ती कधी अपघातात सापडली होती का, हे देणाऱ्याने खात्रीने सांगता आलं पाहिजे. तशी खात्री देणारं कुणी नसेल तर ती सीट नको. तडा प्लास्टिकच्या आत असतो आणि कव्हर मात्र छान धुतलेलं दिसतं.

कुठली जागा

मागची मधली जागा बाजूच्या धडकेपासून सगळ्यात लांब, म्हणून ती उत्तम असं सगळीकडे लिहिलेलं असतं. छोट्या गाडीत तिचा आणखी एक फायदा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही: कार सीटच्या डोक्याकडचा भाग पुढच्या दोन सीटच्या मधल्या फटीत येतो, त्यामुळे पुढच्या दोघांनाही सीट सरकवावी लागत नाही. पण अडचणीही तिथेच जास्त. मधली गादी अरुंद आणि फुगीर असते, कधी नुसता कमरेचा बेल्ट असतो, आयसोफिक्स बहुधा नसतं, आणि खालचा उंचवटा सपोर्ट लेगला (कार सीटपासून फरशीपर्यंत जाणाऱ्या आधाराच्या पायाला) नीट टेकू देत नाही. मधे सीट घट्ट बसली तर उत्तम. हलत असेल तर कडेला पक्की बसलेली सीट केव्हाही चांगली.

कडेला बसवायची तर पुढच्या प्रवाशाच्या मागे. ड्रायव्हरची सीट त्याच्या उंचीनुसार जिथे हवी तिथेच राहते, प्रवाशाची पुढे सरकवता येते. शिवाय ती बाजू रस्त्याच्या कडेची असल्याने बाळाला उतरवताना आपण वाहनांच्या अंगावर उभे नसतो.

पुढे किती सरकायचं यालाही हद्द आहे. ड्रायव्हरच्या छातीपासून स्टीअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंमी अंतर राहिलं पाहिजे. प्रवाशाचे गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील तर तीही सुरक्षित बसण्याची पद्धत नाही. त्याच्यासमोरही एअरबॅग आहे. तेव्हा आधी पुढचे दोघं रोज बसतात तसे बसू द्या, पाठी त्यांच्या सवयीप्रमाणे लावू द्या, आणि मग मागे उरलेली जागा बघा. रिकाम्या गाडीत बसवलेली सीट मावल्याचा आनंद पहिल्याच प्रवासात ओसरतो.

कोन: जागा इथे लपलेली असते

नवजात बाळाला मान धरता येत नाही. सीट फार उभी असेल तर डोकं पुढे कलतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून लहान बाळासाठी सीट जास्त रेललेली हवी, उभ्या रेषेपासून साधारण ४५ अंश. त्याहून जास्त आडवी केली तर धडकेत बाळ पट्ट्यांतून खांद्यांच्या दिशेने वर सरकू शकतं, म्हणून तेही नको. बसता येऊ लागलेलं, मान पक्की झालेलं मूल मात्र बऱ्याच उभ्या सीटमध्ये बसू शकतं. पुष्कळ कन्व्हर्टिबल सीट त्या वयात ३० अंशांच्या आसपास उभ्या करायला परवानगी देतात.

यात किती जागा वाचते? ढोबळ हिशेब करून पाहा. कार सीटची पाठ ६० सेंमी धरली, तर ४५ अंशांत ती आडवी साधारण ४२ सेंमी जागा खाते. ३० अंशांत ३० सेंमी. म्हणजे १२ सेंमीचा फरक, आणि छोट्या गाडीत १२ सेंमी म्हणजे पुढच्या माणसाचे गुडघे मोकळे. मोठ्या मुलासाठीही सीट नवजाताच्या कोनातच ठेवून ‘गाडी बदलावी लागणार’ म्हणणारे आईवडील कमी नाहीत.

कोन डोळ्यांनी ठरवू नका. सीटच्या बाजूला खूण असते: एखादी रेघ जी जमिनीला समांतर यायला हवी, किंवा पातळी दाखवणारा बुडबुडा, किंवा रंगीत पट्ट्यात फिरणारी गोळी. काही सीटवर वजनानुसार दोन वेगळ्या खुणा असतात. आपल्या बाळाला लागू असलेली बघा. ही खूण वाचताना गाडी सपाट जमिनीवर हवी. उतारावरच्या पार्किंगमध्ये ती खूण सरळ खोटं बोलते.

गाडीची गादी मागे खोल आणि पुढे वर चढलेली असेल तर कार सीटचा कोन आपोआप बदलतो, आणि सीटचा स्वतःचा रिक्लाइन वापरूनही खूण जागेवर येत नाही. अशा वेळी गुंडाळलेला टॉवेल किंवा कापडी गुंडाळी पाठ-गादीच्या फटीत, कार सीटच्या तळाखाली ठेवतात. पण हा उपाय तुमच्या सीटच्या पुस्तिकेत दिलेला असेल तरच. सपोर्ट लेग असलेल्या सीटला तो चालत नाही असं समजूनच चाला.

पुढच्या सीटला कार सीट टेकलेली चालते का? यावर सगळ्यांना लागू होईल असं एक उत्तर नाही. काही उत्पादक टेकू देतात, काही अंतर ठेवायला सांगतात. गाडीच्या पुस्तिकेचंही ऐकावं लागतं, कारण पुढच्या सीटमध्ये बसणाऱ्याचं वजन ओळखणारे सेन्सर असतील तर मागून येणारा दाब त्यांना फसवू शकतो. दोन पुस्तिकांत जी जास्त कडक, तिचं ऐका.

बेल्टने बसवताना

कन्व्हर्टिबल सीटला बेल्टच्या दोन वाटा असतात. तोंड मागे असताना एक, तोंड पुढे केल्यावर दुसरी. मागे तोंड असतानाची वाट बाळाच्या मांड्यांखाली, बुडाजवळून जाते. पुढे तोंड असतानाची पाठीमागून. अनेक सीटवर मागच्या तोंडासाठी निळ्या आणि पुढच्या तोंडासाठी लाल खुणा असतात. चुकीच्या वाटेतून बेल्ट घातला तरी सीट घट्ट बसल्यासारखी वाटू शकते, म्हणून ही चूक हाताला कळत नाही. लेबल वाचूनच बेल्ट घाला.

दुसरी गोष्ट बेल्टच्या स्वभावाची. गाडीचा बेल्ट हळूहळू शेवटपर्यंत पूर्ण बाहेर ओढा आणि आत जाऊ द्या. आत जाताना टकटक आवाज येत असेल आणि मधेच बाहेर ओढता येत नसेल, तर तुमचा बेल्ट स्वतःच लॉक होणारा आहे. आवाज नाही आणि कधीही सहज बाहेर येतो, म्हणजे तो फक्त झटका बसल्यावर अडकतो. असा बेल्ट एरवी सैल पडत राहणार, म्हणून त्याला कार सीटवरच्या चिमट्यात, म्हणजे लॉक-ऑफमध्ये पकडावं लागतं. काही सीटसोबत यासाठी एच आकाराची धातूची क्लिप मिळते. ती बकलात जाणाऱ्या जिभेपासून २.५ सेंमीच्या आत लावायची. स्वतः लॉक होणारा बेल्ट आणि सीटवरचं लॉक-ऑफ दोन्ही असतील तर एकच वापरायचं असतं, कोणतं ते पुस्तिका सांगते.

आता प्रत्यक्ष:

१. गाडीची गादी साफ करा. खाली चटई, जाड कव्हर, उशी काही नको. मागचं हेडरेस्ट कार सीटला अडत असेल तर काढून डिकीत ठेवा.

२. कार सीट योग्य रिक्लाइनवर लावून ठेवा, तळ गाडीच्या गादीवर सपाट टेकू द्या. आतलं कव्हर उचलता येत असेल तर उचला, बेल्टची वाट दिसली पाहिजे.

३. बेल्ट त्या वाटेतून न पिळता पलीकडे न्या आणि बकलात लावा. क्लिक ऐकू आलं पाहिजे. पीळ राहिला असेल तर काढून परत घाला. तसाच ओढून नीट होत नाही.

४. आधी कमरेचा पट्टा घट्ट करा. एक हात कार सीटच्या आत, बेल्टच्या वाटेवर ठेवून खाली दाबा आणि दुसऱ्या हाताने खांद्याचा पट्टा ओढून कमरेच्या पट्ट्यातला सैलपणा काढा. बाहेरून ओढण्यापेक्षा सीटच्या आतून, वाटेच्या रेषेतच ओढलं तर जोर वाया जात नाही.

५. उरलेला बेल्ट आत जाऊ द्या किंवा लॉक-ऑफ बंद करा. स्वतः लॉक होणारा बेल्ट असेल तर आधी पूर्ण बाहेर ओढून लॉक करायला विसरू नका.

६. कोनाची खूण पुन्हा बघा. घट्ट करताना सीट एका बाजूने दबते आणि कोन हलतो, हे जवळजवळ प्रत्येक गाडीत होतं. हलला असेल तर सोडून परत करावं लागतं; पर्याय नाही.

काही सीटमध्ये कमरेचा पट्टा तळावरून आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीला वळसा घालून जातो. छोट्या गाड्यांमध्ये अशा सीटचा बेल्ट कधी कधी पुरतच नाही, जेमतेम काही सेंटिमीटर कमी पडतो. बेल्टला जोड देणारे तुकडे विकत मिळतात, ते कार सीटसाठी वापरू नका. ती सीट त्या गाडीची नव्हे, एवढंच.

आणखी एक छोटी पण चिवट अडचण: बकलाचा दांडा लांब असेल तर बकल कार सीटच्या कडेवर, बेल्टच्या वाटेच्या तोंडाशीच येऊन आडवं दाबलं जातं. मग बेल्ट कितीही ओढा, सैल राहतो, आणि धडकेत बकलावर वाकडा ताण येतो. जागा बदलून पाहा; दुसऱ्या बाजूचं बकल बऱ्याचदा आखूड असतं.

गुडघा टेकवून, अख्खं वजन टाकून सीट दाबणारे बघितले आहेत. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. एवढी ताकद लागत असेल तर वाट, कोन किंवा ओढण्याची दिशा यातलं काहीतरी चुकतंय.

आयसोफिक्स असेल तर

गाडीच्या पाठ-गादीच्या फटीत दोन लोखंडी दांडे असतात, त्यांच्यातलं अंतर २८० मिमी. कार सीटचे दोन्ही हात बाहेर काढा, दांड्यांवर ढकला, दोन्ही बाजूंना क्लिक आणि हिरवी खूण आली का बघा. एकीकडे हिरवं आणि दुसरीकडे लाल असेल तर सीट बसलेली नाही, मग ती हाताला कितीही पक्की लागो. त्यानंतर तळ गाडीच्या पाठीकडे पूर्ण ढकला.

बहुतेक आयसोफिक्स सीटना तिसरा आधार लागतो. सपोर्ट लेग असेल तर तो फरशीवर पक्का टेकला पाहिजे, पण इतका लांबही नको की सीटचा तळ गादीवरून उचलला जाईल. पायाखाली फरशीत सामानाचा कप्पा असेल तर थांबा. पोकळ झाकणावर तो पाय टेकवायचा नसतो. गाडीच्या पुस्तिकेत त्यासाठी काय सांगितलंय ते बघा. टॉप टिथर हा कार सीटचा वरचा भाग गाडीच्या हुकाला बांधणारा पट्टा सामान्यतः तोंड पुढे असताना लावतात. मागे तोंड असताना तो लावायचा की नाही, हे तुमच्या सीटची पुस्तिका ठरवते.

आयसोफिक्सला वजनाची मर्यादा आहे. आर१२९ मध्ये मूल आणि सीट मिळून ३३ किलो, अमेरिकी पद्धतीत २९.५ किलो. कन्व्हर्टिबल सीट स्वतःच जड असते, त्यामुळे मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते. ती आली की बेल्टने बसवायचं. आणि ‘डबल सेफ्टी’ म्हणून आयसोफिक्स आणि बेल्ट दोन्ही लावण्याचा मोह टाळा. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर एकच पद्धत वापरायची.

हलवून पाहायचं, पण कुठे

बेल्टच्या वाटेजवळ, फक्त तिथेच. सीट त्या ठिकाणी एका हाताने धरा आणि कुणाशी हात मिळवताना लावतो तेवढ्या जोराने डावी-उजवी आणि पुढे-मागे हलवा. २.५ सेंमीपेक्षा जास्त सरकली नाही तर ठीक. डोक्याकडचं वरचं टोक धरून हलवलं तर ते हलणारच, कारण त्या टोकाला काही बांधलेलं नसतं. ते हलतं म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा घट्ट करत बसू नका. थोडीफार हालचाल स्वाभाविक आहे.

मग बाळ

आता पाच पट्ट्यांचा हार्नेस. बाळाची पाठ आणि बूड सीटला पूर्ण टेकलेलं हवं. खांद्यांचे पट्टे खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित खालून बाहेर येणाऱ्या छिद्रातून हवेत. मागे तोंड असताना ते वरून आले तर धडकेत बाळ वर सरकतं. हेडरेस्टसोबत पट्टे आपोआप वर-खाली होणाऱ्या सीटमध्येही ही पातळी एकदा डोळ्यांनी बघाच.

बकल लावलं की आधी कमरेजवळचा सैलपणा वर ओढून काढा, मग समोरची पट्टी ओढा. बरेच जण नुसती पट्टी ओढतात. खांद्याला घट्ट लागतं आणि मांड्यांजवळ मात्र पट्टा ढिला राहतो. तपासायचं असं: कॉलरबोनजवळ पट्टा दोन बोटांत उभा चिमटीत धरून पाहा. घडी पकडता आली तर सैल आहे. बोटं नुसतीच घसरली तर बरोबर. छातीवरची क्लिप असेल तर ती काखेच्या पातळीला.

जाड जॅकेट, फुगीर स्वेटर, कापसाचा कोट घालून पट्टे लावू नका. धडकेत ते कापड दबतं आणि पट्टा आणि बाळ यांच्यात मोकळी जागा उरते. पातळ कपडे घाला, पट्टे लावा, आणि वरून पांघरूण टाका. बाजारात मिळणारे मऊ इन्सर्ट, पट्ट्यांचे जाड आवरण, पाठीमागे घालायच्या गाद्या, यातलं जे सीटसोबत आलेलं नाही ते वापरायचं नाही. नवजाताचं डोकं बाजूला कलत असेल तर दोन्ही बाजूंना गुंडाळलेलं मऊ कापड, तेही पुस्तिका परवानगी देत असेल तर. पाठीमागे किंवा खाली काहीच नाही. गाडीच्या पाठीला अडकवायचा बाळ बघण्याचा आरसाही धडकेत उडणारी वस्तू होतो. घ्यायचाच असेल तर हलका, न फुटणारा घ्या. मला तर त्याची गरजच वाटत नाही. त्याच्यामुळे नजर रस्त्यावरून हटते.

लांबच्या प्रवासात लहान बाळाला दर दोन तासांनी बाहेर काढून मोकळं करा. पोहोचल्यावर झोपलेलं असलं तरी सीटमध्ये झोपू देऊ नका, काढून सपाट जागी ठेवा. उन्हात उभ्या गाडीत बकलाचा धातू चटका देतो, बसवण्याआधी हात लावून पाहा. आणि गाडीत एकटं ठेवायचं नाही, मिनिटभरही नाही.

नंतरची देखभाल

सीट रोज गाडीत राहत असली तरी बेल्ट हळूहळू सैल पडतो, कुणीतरी पुढची सीट सरकवतं, भावंडाचा हात बकलावर पडतो. दर आठवड्याला एकदा बेल्टच्या वाटेजवळ हलवून बघायची सवय लावा. दुसऱ्या गाडीत हलवली तर सुरुवातीपासून सगळं परत, कोनासकट. कव्हर पुस्तिकेत सांगितलंय तसं धुवा. पट्टे मात्र भिजवू नका, डिटर्जंटमध्ये तर नाहीच. ओल्या फडक्याने पुसायचे, कारण रसायनांनी विणीची ताकद कमी होते. अपघात झाला तर सीट बदलायची की नाही, याचा निकष उत्पादकाने लिहिलेला असतो. शंका असेल तर बदला.

मूल वाढत जातं तसा सीटचा कोन पुन्हा पाहत राहा. मान पक्की झाली की जास्त उभ्या कोनाला परवानगी आहे का बघा आणि पुढच्या माणसाची जागा त्याला परत द्या. पट्टे वरच्या छिद्रात न्या. तोंड मागे ठेवण्याची हद्द तीन पैकी जी आधी येईल ती: वजन, उंची, किंवा डोक्याचा माथा. बहुतेक सीटमध्ये माथ्याच्या वर कवचाची किमान २.५ सेंमी कड शिल्लक हवी. तुमच्या सीटचा आकडा वेगळा असू शकतो. ती हद्द खरोखर आल्यावर सीट फिरवताना तीन गोष्टी एकदम बदलतात: बेल्ट दुसऱ्या वाटेने जातो, खांद्याचे पट्टे खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येतात, आणि आतापर्यंत गुंडाळून ठेवलेला टॉप टिथर गाडीच्या हुकाला लावावा लागतो. तो हुक छोट्या गाडीत अनेकदा डिकीच्या बाजूने, सीटच्या पाठीवर असतो. सामान भरण्याआधी शोधून ठेवा.